उजवा हात वर म्हणजे वाढव

राग कुणाचा आला म्हणून विचारताल तर माझ्या ह्या उजव्या हाताचा. त्या दिवशी तोडून टाकावा वाटला होता. पण मग भाकरी कुणी थापायच्या, म्हणून राहू दिला.

आमच्या ह्यांचं नाव महारुद्र. घेतलं बाई नाव, उखाणा काही सुचंना. झरीच्या आसपास वीस-पंचवीस खेड्यांत कुणाचंबी लगीन असू द्या, नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला, परण्या निघाला, की म्होरं आमची पिकअप, पिकअपवर भिंतीएवढे स्पीकरचे बॉक्स, अन् मिक्सरवर हे. अठरा वर्षं झाली. त्या बॉक्सांनी आमचं घर बांधून दिलं, पोरीला परभणीत शिकायला ठेवलं, अन् ह्यांचे कान खाल्ले. हे शेवटचं कुणाला माहीत नव्हतं. एकट्या मला माहीत होतं.

मला कळलं ते कुकरनं. मी परसात धुणं धूत होते अन् हे गॅसपाशी बसून वायरीची टोकं सोलायलेले. कुकर शिट्टीवर शिट्टी देतोय, सात झाल्या, आठ झाल्या, डाळ करपल्याचा वास परसात आला. मी आत येऊन बोंबलले, "कान फुटलेत का तुमचे?" मी आपलं नेहमीसारखंच बोलले हो. हे माझ्या तोंडाकडं बघून म्हणले, "कुकर लावला होतास?"

परभणीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी ह्यांना बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होते. अर्धा जन्म हेडफोन घालून काढलेला माणूस बटनावर अंगठा ठेवून बसला, अन् दाबीनाच. डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली. ढोल, बास, गड्यामाणसाचा जाड आवाज, हे सगळं ऐकू येतं म्हणले, वरचे बारीक आवाज गेले. शिट्टी गेली, पाखरं गेली, बायका-लेकरांचं बोलणं निम्मं गेलं. कानाला मशीन लावा म्हणले. हे उठूनच उभे राहिले. "डीजेवाल्याच्या कानाला मशीन? लोक काय म्हणतील?" बाहेर आल्यावर माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून आन घातली, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. मी बी मूर्ख, हो म्हणले.

गाणं वाजवायला अडचण नव्हती. गाणं छातीत ऐकू येतं म्हणायचे, अन् बाकीचं मिक्सरवरचे हिरवे-पिवळे दिवे बघून जमवायचे. घात होता माईकचा. माईक स्पीकरच्या तोंडासमोर गेला की स्पीकरातला आवाज परत माईकात शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरात, अन् कुईंऽऽ करून शिट्टी सुटती. ज्याला कान हायत तो ती उठायच्या आतच बटन फिरवून दाबतो. ह्यांना ती सुटल्यावर बी कळत नव्हती. मागच्या महिन्यात तर दोन लग्नांत सुटली. एका ठिकाणी पंगतीतल्या लोकांनी पत्रावळी सोडून कान धरले, अन् हे मिक्सरपाशी हसत उभे. लोक म्हणायला लागले, महारुद्रचं मशीन जुनं झालं. मशीनच म्हणत होते, तेवढंच नशीब.

रोडवर आबासाहेबांचं मंगल कार्यालय हाय. आमची निम्मी लग्नसराई तिथंच. आबासाहेब सत्तरीचे, धोतरवाले, जे असंल ते तोंडावर बोलणारे. ते घरी आले, चहाला हात लावला न्हाई.

"महारुद्र, सूर्यभानच्या पोरीचं लगीन हाय शुक्रवारी," म्हणले. "मंगलाष्टकात शिट्टी वाजली तर पुढची सगळी सराई सेलूच्या हरिओमला देणार. तुझ्याशी वैर न्हाई माझं, पण लोक मला बोलायलेत."

हरिओम म्हणजे सेलूचा डीजेवाला. नवीन मशीन, नवीन गाडी, गाडीवर स्वतःचा फोटो. हे आबासाहेबांच्या ओठांकडं बघून म्हणले, "वाजणार न्हाई." अन् आबासाहेब गेल्यावर पायरीवर बसून राहिले. मला रडू यायलं होतं, पण मी रडण्याऐवजी भांडते, ती माझी सवय.

"बसताव काय असे?" म्हणलं. "माझे कान धड हायत ना? मी ऐकते, तुमी फिरवा."

मग आमी दोघांनी डाव बसवला. मी बायकांच्या पहिल्या रांगेत बसायचं, ह्यांना दिसंल असं. मी डोक्यावर पदर घेतला की शिट्टी यायली, आवाज खाली घ्यायचा. पदर खांद्यावर असला की सगळं ठीक. कुणाला संशय यायचं काम न्हाई, बाई पदर घेते अन् सोडते. चार दिवस घरात तालीम केली. मी माईक घेऊन बॉक्ससमोर जायचे, शिट्टी उठली की पदर, अन् ह्यांचा हात झटक्यात खाली. बराबर जमत होतं. चौथ्या दिवशी हे थोडे हसले बी.

शुक्रवारी सकाळी आठलाच कार्यालयात पोचलो. ऊन तवाच तापलेलं. दोन गड्यांनी बॉक्स उतरवले अन् ते नाश्त्याला पळाले, पण मांडणी ह्यांनी कुणाला करू दिली न्हाई. स्टेजच्या दोन्ही बाजूला बॉक्स उभे केले, लोकांकडं तोंड करून, अन् माईकची जागा त्यांच्या पाठीमागं. पाठीमागं असला की शिट्टीचं भ्या कमी. मिक्सरचं टेबल स्टेजच्या डाव्या अंगाला. चौथ्या खुंटीवर, म्हणजे मिक्सरच्या चौथ्या चॅनेलवर, बिनवायरचा माईक घेतला. आधी मिक्सर चालू, मग थांबून अॅम्प्लिफायर, न्हाईतर बॉक्सातून धाडकन आवाज निघतो. हे सगळं मी इतकी वर्षं बघत आलेय. मिक्सरवरची धूळ रंगाच्या ब्रशनं मीच झाडते, कुठलं बटन कुठं हाय ते मला अंधारात बी सापडंल. ह्यांनी मास्टरच्या, म्हणजे सगळ्या आवाजाच्या सरकपट्टीपाशी लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला अन् मला दाखवला. ह्याच्या वर आवाज न्यायचा न्हाई. त्यांच्या कपाळाला घाम आलेला, पंख्याखाली उभं राहून.

तेवढ्यात लीलाताई आल्या. नवरीची मावशी. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, साधं आकाशी लुगडं, गळा मोकळा. मंगलाष्टकं त्याच म्हणणार होत्या. घरातल्या काही बायकांनी नाक मुरडलं होतं, असल्या कामाला लीला कशाला म्हणून, पण नवरी उत्तरा हटून बसली, मावशी म्हणंल न्हाईतर मी बोहल्यावर चढत न्हाई. महिनाभर पाठ करायलेल्या. माईक हातात घेऊन दोन ओळी म्हणल्या. आवाज बारीक, गोड.

"दादा, येतोय ना माझा आवाज?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"एक नंबर, ताई," हे म्हणले. ह्यांना त्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता. मी मान खाली घातली.

घोटाळा झाला तो साडेबाराला. परण्या मारुतीवरून परत आला, ते सगळं दणक्यात झालं, गाण्यावर पोरं नाचली. मांडव भरला. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. आबासाहेब स्टेजवर चढले, माईक हातात घेतला अन् पाहुण्यांचं स्वागत करायला माझ्यासमोरच येऊन उभे राहिले. आता सांगा, सत्तरीचा माणूस समोर आल्यावर आमच्याकडची बाई काय करंल? सगळ्या रांगेनं डोक्यावर पदर घेतला. माझा हात बी गेला. सवयच ती, लगीन होऊन आल्यापास्नं. आबासाहेब म्हणले, "आलेल्या सगळ्या पाहुणे मंडळी—" अन् त्यांचा आवाजच गेला. ओठ हालायलेत, आवाज न्हाई. लोक हसले. आबासाहेबांनी माईकवर टिचकी मारली, मिक्सरकडं बघितलं, अन् मला कळलं काय झालं ते. मी पदर खाली ओढला. आवाज परत आला. माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणलं, "आता तर माईक बी बंद पडायला लागला." वळून बघितलं तर हरिओम. गॉगल डोक्यावर चढवून, हाताची घडी घालून, पाहुणा म्हणून आलेला.

मी उठले अन् पाण्याच्या जारांच्या पाठीमागं गेले. हे बी आले.

"पदर काहून घेतलास?" दातओठ खाऊन म्हणले.

"मग काय आबासाहेबांसमोर उघड्या डोक्यानं बसू? आजून नवरीचे सासरे हायत, पाटील हायत, गुरुजी हायत, माझा पदर दिवसभर वर-खालीच होणार!" मी त्यांच्या कानापाशी जाऊन म्हणले.

लगीन लागायला पाच मिनिटं. भांडायला बी वेळ न्हाई. मी हातानंच दाखवलं. उजवा हात वर म्हणजे आवाज वाढव. डावा हात वर म्हणजे कमी कर. ह्यांनी मान हालवली. मी पुन्हा दाखवलं, उजवा, डावा. ह्यांनी पुन्हा मान हालवली. दोघं पळत आपापल्या जागी गेलो. पदरापेक्षा हे बरं, असं मला वाटलं, देवाशपथ वाटलं.

मार्तंड गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला. सगळा मांडव उठून उभा राहिला. एक बाई परात घेऊन फिरली, प्रत्येकाच्या मुठीत अक्षदा टाकत. माझ्या बी टाकल्या. मी डोळ्यात तेल घालून मिक्सरकडं बघत होते अन् हे माझ्याकडं. लीलाताईंनी पहिलं अष्टक सुरू केलं. आवाज थोडा कमी होता, पण स्वच्छ होता, शिट्टीचा मागमूस न्हाई. मला एवढं बरं वाटलं की मी मनात मारुतीला नारळ बोलले. अष्टक संपलं, गुरुजी म्हणले, "सावधान!" अन् मी अक्षदा टाकल्या.

उजव्या हातानं टाकल्या. डाव्या हातानं कुणी टाकतं का?

ह्यांनी आवाज वाढवला. एवढासाच वाढवला, मला वाटलं लीलाताईंचा गळा मोकळा झाला. दुसरं अष्टक. सावधान. पुन्हा माझा हात वर. आवाज पुन्हा वाढला. मी ह्यांच्याकडं बघून हसले, सगळं ठीक हाय म्हणून, अन् हे बी हसले. तिसरं अष्टक झालं, सावधान झालं, मी मूठ उधळली, अन् हात हवेत असतानाच मला कळलं मी काय करायले ते. अगं बया! ह्यांची बोटं सरकपट्टी वर नेत होती. लाल चिकटपट्टी ओलांडली. मिक्सरवर लाल दिवा लागला, पण ह्यांची नजर दिव्यावर नव्हती, माझ्यावर होती.

नेमकं तवाच फोटोवाल्यानं लीलाताईंना खुणावलं, म्होरं या, चेहरा दिसंना. त्या माईक घेऊन दोन पावलं म्होरं आल्या, बॉक्सच्या पुढं.

शिट्टी सुटली. अशी सुटली की पत्रे वाजले. लेकरं एकदम रडायला लागली, एका म्हाताऱ्यानं कान धरून खाली बसकण मारली. लीलाताई घाबरून माईक आणखी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मी डावा हात वर केला. पण तोवर मागचे लोक रेटून म्होरं आले होते, माझ्या म्होरं शंभर हात, काही मोबाईल धरलेले, काही अक्षदांचे, काही कानावर गेलेले. त्यात माझा डावा कुणाला दिसतोय! ह्यांना लोकांचे चेहरे दिसले, काहीतरी बिघडलं एवढं उमगलं, अन् हे मान उंच करून मला शोधायला लागले. त्या चेहऱ्यावरची भीती मी जन्मात विसरायची न्हाई. मी टाचा वर करून दोन्ही हात वर केले. दोन्ही! डोकंच चाललं न्हाई. ह्यांना गर्दीतून एकच हात दिसला असंल, उजवा. ह्यांनी सरकपट्टी आणखी वर ढकलली.

मग मी पळाले. कुणाच्या पायावर पाय दिला, कुणाच्या पाहुण्याला ढकललं, काही माहीत न्हाई. पदर खाली लोळत होता. स्टेजच्या अंगानं मिक्सरपाशी गेले, ह्यांचा हात धरून बाजूला फेकला, मास्टर चिकटपट्टीच्या खाली आणला, चौथ्या खुंटीचं वरच्या आवाजाचं बटन उलटं फिरवलं. शिट्टी मेली. एवढ्या माणसांच्या मांडवात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

अंतरपाट आजून धरलेलाच होता. पाच अष्टकं व्हायची होती, तीनच झाली होती, अन् मुहूर्त पुढं चालला होता. गुरुजी घड्याळाकडं बघायलेले. तोवर खालून सूर्यभान पाटील ओरडले, "कुणाची चूक हाय ही?" अन् नवऱ्याकडच्या एका जाडजूड बाईनं, नाव कशाला घ्या तिचं, लीलाताईंकडं बोट केलं.

"हिनं माईक स्पीकरसमोर नेला, बघितलं सगळ्यांनी," ती म्हणली. अन् मग हळू न्हाई, मोठ्यानंच म्हणली, "आधीच सांगितलं होतं, असल्या बाईला मंगलाष्टकं म्हणायला लावू नका. झाला ना अपशकुन!"

कुणी तिला गप म्हणलं न्हाई. दोन-तीन माना हालल्या. लीलाताईंच्या हातातला माईक खाली गेला. त्या रडत नव्हत्या, नुसत्या अंतरपाटाकडं बघत होत्या, ज्याच्या पलीकडं त्यांची उत्तरा उभी होती. मला तोंड उघडायचं होतं. पण ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन, अन् खाली समोरच आबासाहेब, अन् त्यांच्या पाठीमागं तो हरिओम. म्हणलं, मंजुषा, गप बस. शिट्टी लीलाताईंनी सोडली असंच राहू दे, बाई म्हणून चार दिवस बोलतील अन् विसरतील. आपली सराई वाचंल. खोटं कशाला सांगू, हे सगळं माझ्या मनात आलं. मी तीन श्वास गप राहिले.

हे लीलाताईंकडं बघत होते. त्या जाड्या बाईचं बोलणं ह्यांना ऐकू आलं नसंल, पण बोट दिसलं, माना दिसल्या. अन् एवढी वर्षं लोकांच्या लग्नात उभं राहिलेल्या माणसाला एवढं कळतं. हे स्टेजवर गेले. लीलाताईंच्या हातातून हळूच माईक घेतला.

"चूक ताईची न्हाई," हे म्हणले. ह्यांचा आवाज सगळ्या मांडवात गेला, मिक्सर माझ्या हातात होता. "माईक कुठं बी नेला तरी शिट्टी दाबायचं काम माझं हाय. मला ती ऐकूच आली न्हाई. मला दोन वर्षांपास्नं ऐकू येत न्हाई, वरचं काहीच येत न्हाई. आज माझी बायको खाली उभी राहून हात करत होती अन् मी आवाज कमी-जास्त करत होतो. त्यात आमचं दोघांचं चुकलं. अपशकुन-बिपशकुन काही न्हाई. बहिरा माणूस हाय, एवढंच हाय."

एवढं बोलून माईक पुन्हा लीलाताईंच्या हातात दिला. "म्हणा, ताई. येळ जायली."

कुणीतरी हसलं, ते हरिओम होता का दुसरं कुणी ते मला आजून माहीत न्हाई. हे मिक्सरकडं परत आलेच न्हाईत. स्टेजवरून उतरून गड्यामाणसांच्या गर्दीत जाऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या मुठीत अक्षदा दिल्या. मार्तंड गुरुजी खाकरले अन् म्हणले, "चौथं." अंतरपाटामागून उत्तराचा आवाज आला, "मावशे, म्हण गं."

लीलाताईंनी माझ्याकडं बघितलं. मी माईकची सरकपट्टी थोडी वर घेतली, बारीक आवाज थोडा मोकळा सोडला, अन् कान लावून बसले. पहिली ओळ थरथरली, दुसरी सरळ झाली. कुठं शिट्टी उठू बघायली की मला आधीच ऐकू यायचं, हात आपसूक जायचा. सावधान म्हणल्यावर सगळ्यांचे हात वर गेले. ह्यांचा हात सगळ्यांच्या पाठीमागून वर गेला, शेजाऱ्याचा बघून. मी काही टाकलं न्हाई, माझे दोन्ही हात बटनांवर होते. पाचवं झालं, अंतरपाट निघाला, मी गाणं लावलं, अन् लगीन लागलं.

पंगती उठल्या. दुपारी तीनच्या सुमाराला आमी सामान आवरायला घेतलं. हे बॉक्सपाशी बसून वायरी गुंडाळायलेले, कोपराभोवती वेटोळं घालून. येणारे-जाणारे बघायचे अन् पुढं जायचे. एकानं ह्यांच्या पाठीमागं टाळी वाजवून बघितली, वळतात का ते. हे वळले न्हाईत. मी वळले, अन् त्या मुडद्याला असं झापलं की तो चपला न घालताच पळाला.

आबासाहेब आले. बरोबर हरिओम होता. मी पदर घेतला. मनात म्हणलं, आता बोलतील, संपलं.

आबासाहेब ह्यांच्यापाशी थांबलेच न्हाईत. मिक्सरपाशी आले, माझ्यासमोर.

"बाई, शेवटची दोन मंगलाष्टकं तू चालवलीस?"

"व्हय."

"पुढच्या मंगळवारी लगीन हाय. माईकवर तू बसशील का? महारुद्र गाडी अन् वायरींचं बघंल. तुझं नीट झालं तर सराई इकडं-तिकडं न्यायचं मला काही कारण न्हाई." मग थोडे थांबून म्हणले, "त्याला मिक्सरपाशी उभा करू नको. लोक ऐकणार न्हाईत."

हरिओमचं तोंड एवढंसं झालं. मला उडी मारावी वाटली. घर वाचलं होतं, पोरीचं शिक्षण वाचलं होतं, सगळं वाचलं होतं. मी म्हणले, "बसते, आबासाहेब." ते गेले, फाटकापाशी सूर्यभान पाटलांशी बोलत उभे राहिले. हरिओम तिथंच चप्पल शोधायला लागला. आचारी भांडी घासायलेले, उत्तराच्या घरच्या बायका शिधा बांधायलेल्या, सगळे पाच-दहा पावलांवर.

हे वायर खाली ठेवून माझ्याजवळ आले. डोळ्यात जीव आणून म्हणले, "काय म्हणले?"

मी त्यांच्या कानापाशी वाकून हळूच म्हणले. एवढं हळू, की आचाऱ्याला ऐकू जाऊ नये. "पुढची लग्नं आपलीच. पण माईकवर मी बसायचं."

"काय?"

मी थोडं मोठ्यानं म्हणले. माझा आवाज बारीक हाय, लहानपणापासून बारीक. ह्यांनी कान पुढं केला अन् माझ्या ओठांकडं बघितलं.

"लग्नं दिली का न्हाई? नीट सांग की, मंजे. काय म्हणले?"

मग मला ओरडावंच लागलं. "लग्नं दिली! पण मिक्सरवर मी बसायचं, तुमी न्हाई! तुमाला तिथं उभं करायचं न्हाई म्हणले!"

आचाऱ्यांचे हात थांबले. शिधा बांधणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. हरिओम एक चप्पल घालून तसाच उभा राहिला. हे माझ्याकडं बघत होते, अन् ह्या बारीला त्यांना सगळं ऐकू आलं होतं.